सेप्सिस आणि एक्मोचा आधार

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा किंवा पोटातला संसर्ग, पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस, कशानेही तो होऊ शकतो. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो, फुप्फुसांत पाणी साचते, लघवी कमी होते. प्रतिजैविके, सलाइन, रक्तदाब वाढवणारी औषधे आणि व्हेंटिलेटर हे मुख्य उपचार. तेही अपुरे पडले, तर निवडक रुग्णांना एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर, ठेवतात.

यात मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त जाड नळीने बाहेर घेतात. पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. तिथे रक्तात ऑक्सिजन मिसळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. प्रौढांमध्ये मिनिटाला साधारण 3 ते 5 लिटर रक्त असे फिरते. फक्त फुप्फुसे निकामी असतील तर ते पुन्हा शिरेत सोडतात. हृदयही थकले असेल तर धमनीत.

2009च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 68 अत्यवस्थ रुग्णांना एक्मो लावले गेले आणि त्यातले बहुसंख्य वाचले. फुप्फुसांसाठीचा हा उपयोग तेव्हापासून रुळला.

सेप्टिक शॉकमध्ये मात्र निवड अवघड असते. बऱ्याच प्रौढांचे हृदय जोरात चालू असते, दोष सैलावलेल्या रक्तवाहिन्यांत असतो. तिथे पंपाचा फारसा लाभ नाही. सेप्सिसने हृदयाचे स्नायूच दुबळे झाले असतील, तर चित्र बदलते. 2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी एक्मोवरचे 60 टक्के 90 दिवसांनंतर जिवंत होते, एक्मोविना 25 टक्के. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नसल्याने हा पुरावा अंतिम मानत नाहीत. लहान मुलांत इतर उपाय थकल्यावर एक्मोचा विचार करतात.

एक्मो संसर्ग बरा करत नाही. प्रतिजैविकांना काम करायला आणि अवयवांना सावरायला सवड देते. रक्तस्राव, गुठळ्या, पायाचा रक्तपुरवठा तुटणे, नवा संसर्ग हे धोके आहेत. खर्च लाखांत जातो, चोवीस तास प्रशिक्षित पथक लागते. म्हणून पुण्यातल्या वारज्यासारख्या उपनगरातल्या रुग्णासाठी एक्मोची वेळ येण्याआधीचे तासच मोलाचे. तापासोबत धाप, गोंधळलेपणा, लघवी कमी होणे किंवा हातपाय गार पडणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे. शॉकची चिन्हे असतील तर पहिल्या तासातच प्रतिजैविक सुरू व्हायला हवे, आणि एक्मोची शक्यता वाटली तर रुग्ण फार खालावण्याआधीच ती सोय असलेल्या केंद्राशी बोलणे व्हायला हवे.