घंटा वाजते, ऐकतो कोण?

श्रद्धा सोडणारी माणसे हल्ली वाद घालून सोडत नाहीत. ती रविवारी फक्त उशिरा उठतात.

आमच्या वसईकडच्या कॅथलिक समाजाविषयी बाहेरच्यांची समजूत अशी की, सणाला देवळात माणूस मावत नाही, तेव्हा या मंडळींची भक्ती अभंग आहे. (होय, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो.) गर्दी खरी आहे. पण गर्दी आणि निष्ठा या सख्ख्या बहिणी नव्हेत.

माझ्या आजोबांना श्रद्धा टिकवण्याचे कष्ट फारसे पडले नाहीत. बागायतीला पाणी लावताना संध्याकाळची घंटा झाली की हात आपोआप थांबत. रात्री घरोघर रोझरी होई. एखादा रविवारी दिसला नाही, तर शेजारी विचारीत, “काय रे, बरे नाही का?” थोडक्यात, निम्मी श्रद्धा गावच सांभाळी. आज वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. लोकल पकडून गेलेले घर रात्री दहाला पुरते जमते. कोणी नास्तिक झाले नाही. सवड मात्र संपली.

चार्ल्स टेलर या कॅनडातील कॅथलिक तत्त्वज्ञाने २००७ साली ‘अ सेक्युलर एज’ या ग्रंथात हेच मांडले. श्रद्धा पूर्वी गृहीत होती. आता ती अनेक पर्यायांतला एक पर्याय झाली. आयर्लंडसारख्या देशात २०११ च्या शिरगणतीत कॅथलिक शेकडा ८४ होते, २०२२ मध्ये ६९ उरले. आमच्याकडची गळती शिरगणतीत सापडायची नाही. येथे नाव राहते, सवय जाते.

माझ्या मुलाने एकदा सरळ विचारले, “पप्पा, मी मिस्साला आलो नाही, तर कुणाचे काय बिघडते?” मी मराठीचा मास्तर, ईश्वरज्ञानाचा नव्हे. म्हटले, “कुणाचेच नाही. म्हणून तर तू आलास तर ते तुझे स्वतःचे येणे ठरेल.” त्या रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मी ओढून नेले नाही. त्याच्यासाठी एक प्रार्थना तेवढी वाढवली.

आमच्या वसईवर १५३४ पासून पोर्तुगीजांचे राज्य होते. १७३९ मध्ये ते गेले. राजा गेला, तरी देऊळ राहिले. कारण तोवर धर्म इथल्या मातीचा झाला होता. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून ती वाट दाखवली होती. त्याच वाटेवर आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो चालले. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लॅटिन मिस्साच्या काळी आजोबा शब्द न कळता गुडघे टेकीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. मला प्रत्येक शब्द कळतो. कळल्यावर ‘आमेन’ म्हणणे अधिक अवघड, आणि अधिक खरे!

वाचकहो, तुमच्या घरी तरी दिवेलागणीला परवचा होतो का? दुखणे एकच आहे. गावाने सांभाळलेले आता ज्याचे त्याने सांभाळायचे. आमच्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग. विरार गाडीत बसायला मिळो न मिळो, खिशातल्या खिशात दहा मणी सहज सरतात. तेवढे तरी कुणी सांगितल्यावाचून ओढावेत.