बंब, फुंकणी आणि तळघरातली फर्नेस

व्हरमाँट, मेन किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात आपल्या मंडळींनी गावाबाहेरचे जुने घर घेतले, की तळघरात कधीकधी लाकडावर चालणारी फर्नेस निघते. हे धूड ठेवावे की काढावे? निर्णयापूर्वी ते चालते कसे, हे समजून घेणे बरे.

ज्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. बंबात मध्ये जाळ आणि भोवती पाणी. फर्नेसमध्ये मध्ये पोलादी पेटीत जाळ आणि भोवती पत्र्याच्या आवरणात हवा. ही हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो तो ब्लोअर. तो म्हणजे फुंकणी नव्हे! फुंकणी जाळाला वारा घालते. ब्लोअर घरातली गार हवा खेचून तापलेल्या पेटीवरून फिरवतो. जाळाची हवा वेगळी, आपल्या श्वासाची वेगळी. मधल्या पोलादाला तडा गेला, तर कार्बन मोनॉक्साइड झोपण्याच्या खोलीपर्यंत पोचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर अलार्म हवाच.

पेटीभोवतीची हवा साधारण 120 ते 140 अंश फॅरनहाइट तापली की ब्लोअर आपोआप सुरू होतो आणि 90-100 अंशांच्या आसपास बंद पडतो. हे दोन आकडे मुद्दाम दूर ठेवलेले असतात. एकच आकडा असता, तर ब्लोअर सारखा चालू-बंद होत राहिला असता.

आता लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. एक पौंड पाण्याची वाफ व्हायला सुमारे 1,000 बीटीयू खर्ची पडतात, आणि ते धुराड्यातून निघून जातात. शिवाय गार, ओलसर धुरातून धुराड्याच्या आत क्रिओसोटचा थर बसतो. तो पेटला तर घर धोक्यात येते. म्हणून लाकूड फोडून, वरून झाकून किमान वर्षभर वाळवावे. ओकला दोन वर्षेही लागतात. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. रात्रभर जाळ धुमसत ठेवण्याचा मोह टाळावा आणि धुराडे दरवर्षी तपासून घ्यावे. लाकूड विकतात ते कॉर्डच्या मापाने: 4 बाय 4 बाय 8 फूट, म्हणजे 128 घनफूट. वाळलेल्या ओकचा एक कॉर्ड ढोबळमानाने शंभर गॅलन तेलाचे काम करतो.

खरी कसोटी लागते ती वीज गेल्यावर. जानेवारी 1998 च्या हिमवादळात क्युबेक आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातील अनेक घरे कित्येक दिवस विजेविना होती. लाकूड आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ब्लोअर विजेवर चालतो. तो थांबला तरी जाळ थांबत नाही. गॅससारखा तो कळ फिरवून विझवता येत नाही. अशा वेळी नवे लाकूड घालू नये, जाळाच्या हवेची झडप बंद करावी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे. ती पुस्तिका आधीच वाचून ठेवावी. जनरेटर लावायचा तर घराबाहेरच, खिडक्यांपासून दूर.

धुराबाबतचे 1988 चे केंद्रीय नियम लाकडाच्या स्टोव्हसाठी होते. अशा फर्नेस त्यांच्या कक्षेत आल्या त्या 2015 मध्ये, आणि मे 2020 पासून मर्यादा अधिक कडक झाली. त्यामुळे जुनी फर्नेस बहुधा जास्त धूर करणारी असते.

तेव्हा तडे आणि धुराडे जाणकाराकडून तपासून घ्या, विमा कंपनीला कळवा, आणि रोज दोन-तीनदा लाकडे घालायला घरात कोण आहे, ते ठरवा. तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तरच ती ठेवा.