दोन दोषारोपांमधला पट्टा : चिकोडीचा पूर आणि सामाजिक जलविज्ञान

पंचगंगेचे पाणी घेऊन आलेली कृष्णा शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधाऱ्याखाली महाराष्ट्र सोडते आणि बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात शिरते. पुढे कल्लोळ-येडूरच्या परिसरात दूधगंगा तिला मिळते आणि त्या दूधगंगेत भोजजवळ वेदगंगा आधीच मिसळलेली असते. चिकोडी-निपाणी भागातला पाऊस बेताचा असल्याने येथला पूर हा येथल्या पावसाचा नसून राधानगरी-भुदरगडच्या घाटमाथ्यावरील पावसाचा आणि कोयना, वारणा, दूधगंगा या धरणांतून सोडलेल्या पाण्याचा असतो. त्याच्या उलट बाजूला, खालच्या अंगाला, हिप्परगीचा बंधारा आणि 123 टीएमसी क्षमतेचे अलमट्टी धरण आहे. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी.) 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात महाराष्ट्रात अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणात अडलेले पाणी नदीपात्रात मागे साचत जाण्याला, दोष दिला गेला आणि कर्नाटकात बोट दाखवले गेले ते कोयनेच्या विसर्गाकडे. या दोन्ही आरोपांच्या मधोमध जो पट्टा येतो, तोच चिकोडीचा.

या वादाची चौकशी झाली नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने 2020 च्या मे महिन्यात अहवाल दिला आणि कोल्हापूर-सांगलीच्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही वाद मिटला नाही आणि पुढे त्याच शासनाने रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे अलमट्टीच्या परिणामाचा अभ्यास सोपवला. त्याआधीचे लवाद तर कृष्णेच्या पाण्याच्या वाटणीसाठीच होते. 1969 मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी पाणी ठरवून दिले, आणि ब्रिजेशकुमार लवादाने 2010 मध्ये अलमट्टीची पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली. या साऱ्या खटाटोपात नदी ही मोजण्याची व वाटण्याची वस्तू राहिली आणि तिच्या काठचा माणूस हिशेबात आला तो केवळ लाभार्थी किंवा पूरग्रस्त म्हणून.

माणसाचे निर्णय हाच नदीच्या वर्तनाचा एक घटक मानणारी शास्त्रशाखा म्हणजे सामाजिक जलविज्ञान. मुरुगेसू शिवपालन, ह्यूबर्ट साव्हेनिये आणि ग्युंटर ब्ल्योश्ल यांनी 2012 मध्ये तिची मांडणी केली, आणि आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघाने 2013 ते 2022 हे दशक बदलते जलचक्र आणि बदलता समाज यांच्या संयुक्त संशोधनाला वाहिले. या विचाराचे मूळ मात्र जुने आहे. अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखवले होते की पुराचे नुकसान केवळ पाण्याने ठरत नाही, पूरमैदानात माणूस काय मांडून बसतो यानेही ते ठरते. बांध घातला की लोकांना निर्धास्त वाटते, वस्ती नदीकडे सरकते, आणि बांध ओलांडणारा पूर आला की हानी पूर्वीपेक्षा मोठी होते. पाण्यामुळे समाज बदलतो आणि बदललेला समाज पाणी बदलतो, हे परस्परावलंबन मोजणे हेच या शाखेचे काम.

चिकोडी-निपाणीत हे चक्र उसाच्या रूपाने उघड दिसते. तंबाखूसाठी नावाजलेल्या या भागात नद्यांवरील धरणे व बंधाऱ्यांमुळे बारमाही पाणी आले आणि काठाची जमीन उसाखाली गेली. निपाणीचा हालसिद्धनाथ व चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा हे सहकारी साखर कारखाने त्याच अर्थव्यवस्थेचे आधार. दाट उभा ऊस पुराच्या प्रवाहाला अडथळा करतो आणि काठावरचे पाणी ओसरण्यास वेळ लागतो. आणि जेथे पाणी काही दिवस साचते तेथे सोयाबीन किंवा भुईमुगापेक्षा ऊसच तग धरतो, म्हणून शेतकरी पुन्हा ऊसच लावतो. शेतकऱ्याचा हा निर्णय पूर्णपणे शहाणपणाचा असतो, आणि तरी अशा हजारो शहाण्या निर्णयांची बेरीज पूर लांबवू शकते. अतिसिंचनाने क्षारपड झालेल्या शिरोळ परिसरातील जमिनी ही त्याच चक्राची दुसरी बाजू.

बंधाऱ्यांचेही तसेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, पावसाळा संपताना बसवतात आणि पावसाळ्यापूर्वी काढतात. या भागात त्यांवरून रस्ताही नेलेला असल्याने बंधाराच पूल होतो. कारदगा-भोज व कल्लोळ-येडूर हे बंधारे आणि कर्नाटकातील मलिकवाडला महाराष्ट्रातील दत्तवाडशी जोडणारा बंधारा जवळजवळ दरवर्षी पाण्याखाली जातात. 2019 आणि 2021 मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर येऊन पुणे-बेंगळुरू वाहतूकच थांबली. रस्त्याचा भराव, पुलाची उंची आणि बरगे काढण्याची वेळ हे सारे माणसांचे निर्णय, पण धरणांच्या अहवालांत त्यांना क्वचितच जागा मिळते.

अशा अभ्यासाला एकट्या अभियंत्याची विद्या पुरत नाही. जलवैज्ञानिक, कृषितज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि गावकरी यांनी प्रश्नच एकत्र ठरवावा लागतो. पुण्याच्या सोपेकॉम या संस्थेने 1991 पासून सहभागी जलव्यवस्थापनाचे काम केले असून, पाण्याच्या संघर्षांवर संवाद घडवणाऱ्या राष्ट्रीय मंचाच्या उभारणीत तिचा मोठा वाटा आहे. वादातील पक्षांना वकिलांच्या मार्फत नव्हे, तर एकाच माहितीभोवती समोरासमोर बसवावे, हे या परंपरेचे मोल. सीमाभागात अडचण नेमकी माहितीचीच आहे, कारण धरणांचे विसर्ग एका राज्याच्या दप्तरी, बंधाऱ्यांच्या नोंदी दुसऱ्याच्या, आणि गावांची पूररेषा कुठपर्यंत आली याची आठवण मराठी व कन्नड बोलणाऱ्या घरांमध्ये विखुरलेली.

म्हणून अलमट्टी दोषी की निर्दोष, या प्रश्नावर आणखी एक अहवाल मागवण्यापेक्षा राजापूर ते हिप्परगी या पट्ट्याचा दोन्ही राज्यांनी समान खर्चाने संयुक्त अभ्यास करावा, त्यात धरणांच्या विसर्गाइतकेच महत्त्व पीकपद्धतीला, भरावांना आणि बरग्यांना द्यावे, आणि त्याचा अहवाल मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत एकाच दिवशी प्रसिद्ध करावा.