पाय साथ देत नसताना घाटातला रेल्वेप्रवास

मागं आपण गुडघेदुखीवर बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, "व्यायाम कळले, पण लेकीकडं कल्याणला जायचं कसं?" आमच्यातल्या एकीच्या सासूबाई तीन वर्षं लेकीच्या घरी गेल्या नव्हत्या. एसटीची पायरी चढवत नाही, खासगी गाडीचं भाडं परवडत नाही आणि रेल्वेचं नाव काढलं की "घाटात काही झालं तर?" शेवटी आम्हीच त्यांना घेऊन गेलो. तेच आज सांगतो.

नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, मुंबईकडं जायचं तर सह्याद्री उतरावाच लागतो. एक वाट दौंड, पुणे, लोणावळ्यावरून बोरघाटातून कर्जतला जाते. दुसरी मनमाड, नाशिक, इगतपुरीवरून थळघाटातून कसाऱ्याला. बोरघाटातली रेल्वे 1863 सालची, थळघाटातली 1865 सालची. बोरघाटाचं काम घेतलेले ठेकेदार सोलोमन ट्रेडवेल 1859 साली वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी तो ठेका पुढं चालवून पुरा केला. घाटातून जाताना हे जरूर आठवा.

दोन्ही घाटांत सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर, असा चढ आहे. रुळांच्या मानानं तो फारच खडा. म्हणून मुंबईहून येताना कर्जतला किंवा कसाऱ्याला गाडीच्या मागं जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती जोडताना मागून धक्का बसतो, आणि तो शेवटच्या डब्यांना जास्त. दिव्यांगांचा रुंद दाराचा डबा बहुतेक गाड्यांत टोकालाच, गार्डाजवळ असतो. तेव्हा या स्टेशनांवर गाडी उभी असताना जागेवर बसून राहायचं. संडासला जायचं ते आधी किंवा घाट संपल्यावर. उतरताना बोरघाटात मंकी हिल, ठाकूरवाडीला गाडी ब्रेक तपासायला थांबते. ते आपलं स्टेशन नव्हे, तिथं कुणी खाली उतरू नये.

शिर्डीहून मुंबईला 10 फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत सुरू आहे. तिच्या डब्यांखालीच मोटारी असल्यानं कसारा घाटात तिला बँकर लागत नाही. तिकीट मात्र महाग.

पण खरं सांगायचं तर आम्हाला घाटानं त्रास दिलाच नाही. त्रास झाला तो गाडी बदलताना. एका जंक्शनवर आमची पुढची गाडी ऐन वेळी दुसऱ्या फलाटावर लागली. लिफ्ट बंद. सासूबाई जिन्यावर बसल्या आणि एकेक पायरी बुडानं मागं सरकत वर चढल्या. लोक शेजारून पळत होते. वर पोचल्यावर पदर सारखा करत त्या एवढंच म्हणाल्या, "घरी कुणाला सांगू नका."

म्हणून वेळ गैरसोयीची असली तरी थेट गाडी बघा. बदलावीच लागली तर मध्ये दोन-तीन तास ठेवा. दौंडला एक गोष्ट नीट बघा: काही गाड्या मुख्य स्टेशनात न जाता 'दौंड कॉर्ड लाईन' या वेगळ्या स्टेशनावर थांबतात. तिथं उतरून मुख्य स्टेशनातली गाडी पकडायची म्हणजे रिक्षा आली. ज्या गाड्या मुख्य स्टेशनात जातात त्यांचं इंजिन तिथं दुसऱ्या टोकाला लागतं. मागचा डबा पुढं होतो, म्हणून उतरून घ्यायला येणाऱ्याला डबा कुठल्या टोकाला येईल हे आधी कळवा.

आता तिकीट. पंचेचाळीसच्या पुढच्या बाईला आणि साठीच्या पुढच्या पुरुषाला जागा असेल तर खालचा बर्थ मिळतो. पण तिकीट अशा एका किंवा दोघांचंच असलं तर. सून-नातवंडांसकट एकच तिकीट काढलं की तो कोटा लागू होत नाही. सासूबाईंचं वेगळं काढा. तरी वरचा बर्थ आला, तर गाडीत टीसीला सांगा, रिकामा खालचा बर्थ देण्याचा अधिकार त्यांना आहे. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे. सोबतीशिवाय प्रवास करूच न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला मात्र स्लीपरला 75 टक्के सवलत आहे, सोबतच्या माणसालाही तेवढीच. त्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. नुसत्या गुडघेदुखीवर ती मिळत नाही, उगाच खेटे घालू नका.

व्हीलचेअरसाठी स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात तासभर आधी सांगून ठेवा. अडचण आली तर 139 फिरवा.

परतीला आम्ही कल्याणहून थेट गाडी धरली. कर्जतला मागून धक्का बसला, सासूबाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. मग खाली फलाटाकडं बघत म्हणाल्या, "लागलं का इंजिन? आता एक वडा घ्या की."