‘मराठी’चे तुकडे कोण पाडतं?

समजा, एखाद्या कादंबरीत कोणता शब्द किती वेळा आलाय ते मोजायचंय. हाताने मोजायला महिना जाईल. पायथन ही मुक्त-स्रोत प्रोग्रॅमिंग भाषा तेच काम काही सेकंदांत करते. पण तिच्यासोबत येणाऱ्या ‘आरई’ या साधनाला शब्द वेगळे करायला सांगा. ‘मराठी’चं होतं ‘मर’ आणि ‘ठ’!

असं का? युनिकोडमध्ये ‘मराठी’ म्हणजे पाच खुणा: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. ‘आरई’च्या लेखी काना-वेलांटी अक्षरं नाहीत, म्हणून ती आली की शब्द तुटतो. इंग्रजीत ही चिन्हंच नाहीत, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. खरी पंचाईत पुढेच आहे: संगणक तक्रार करत नाही, मुकाट चुकीचा आकडा देतो. मग त्यावर उभा केलेला प्रकल्पही चुकतो.

उपाय आहेत आणि तेही फुकट. ‘रेजेक्स’ ही वेगळी लायब्ररी काना-मात्रा शब्दातच धरते. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२३ मध्ये खास मराठीसाठी ‘महाएनएलपी’ लायब्ररी मांडली; ती विशेषनामं ओळखते, मजकुराचा सूरही पाहते.

मुक्त-स्रोत म्हणजे कोड कुणीही उघडून वाचावा, सुधारावा. पुण्यात लिहिलेला कोड आपण इथे इच्छापोरला बसून तपासू शकतो. म्हणून यंत्राचा आकडा आला की आधी एक पान स्वतः मोजा आणि ताडून बघा. वेलांटी कुठे गळली हे मराठी वाचणाऱ्यालाच दिसतं.