टायरच्या काठातली तार

शीळफाट्यावर जुने टायर विकणाऱ्या दुकानात आलेले गिऱ्हाईक आधी नक्षी बघते. खाचा किती खोल उरल्यात, रबर कुठे कापले गेले आहे का, हे बोट घालून तपासते आणि भावाची घासाघीस सुरू करते. जाणता मिस्त्री टायर उभा करतो, गोल फिरवत नेतो आणि पहिला हात काठावरून फिरवतो, म्हणजे टायर रिमला जिथे चिकटून बसतो तिथून. तिथले रबर फाटून तार दिसत असेल किंवा काठाच्या जरा वर हाताला फुगवटा लागला, तर नक्षी कितीही ताजी असो, तो टायर बाजूला जातो. पंक्चर काढता येते, झिजलेल्या नक्षीवर नवे रबर चढवता येते. काठातली तार तुटली की मात्र तो टायर कायमचा संपतो.

ठाण्याजवळच्या दिव्याचे लोक आपल्या गावाला रेल्वेचे जंक्शन म्हणून ओळखतात. पनवेलकडची आणि वसईकडची लाइन इथून फुटते. पण आगासनवरून शीळच्या बाजूला गेले की आणखी एक मोठे जंक्शन लागते, ते ट्रकचे. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातून निघालेला कंटेनर कळंबोली, तळोजा, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव या वाटेने भिवंडीच्या गोदामांकडे किंवा पुढे नाशिककडे जातो. कल्याणहून येणारा रस्ता त्याला इथेच मिळतो. स्टेशनाबाहेरच्या शेअर रिक्षांपासून चाळीस फुटी कंटेनरपर्यंत सगळ्यांचे टायर याच पट्ट्यात दुरुस्त होतात. टायरचा काठ समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

टायरच्या दोन्ही काठांच्या आत पोलादी तारेचे एकेक कडे असते. कारखान्यात या काठाला बीड म्हणतात आणि तारेला बीड वायर. हे कडे काय काम करते, ते एका ढोबळ हिशोबातून कळेल. ट्रकचा ‘१०.०० आर २०’ मापाचा टायर घेऊ. त्याचे रिम २० इंच व्यासाचे. त्यात १२० पौंड हवा भरली, तर आतल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण ८.४ किलो दाब पडतो. काठापासून टायरच्या सर्वांत रुंद भागापर्यंतची बाजू मोजली, तर ती अडीच हजार चौरस सेंटीमीटरच्या पुढे जाते. म्हणजे एका बाजूचा काठ रिमच्या कडेवर वीस टनांहून जास्त जोराने दाबला जात असतो. हा जोर गाडी उभी असतानाचा, त्यात माल, वळण आणि खड्डे धरलेले नाहीत. रबर ताणले जाते, कापड थोडे ताणले जाते. काठही तसाच ताणला जाऊ लागला तर टायर रिमची कड ओलांडून बाहेर पडेल. ताणले न जाणारे कडे घातले, तर ते कडेहून लहान असल्यामुळे तिच्यावरून निघूच शकत नाही, जशी मनगटातली बांगडी पंजावरून सहज निघत नाही.

आज हे सरळ वाटते, पण हवेच्या टायरचा शोध लागल्यानंतर हे सुचायला बरीच वर्षे गेली. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने मांडली. त्यांचा टायर चाकाला कापडाने आणि डिंकाने चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणे म्हणजे सगळे सोलून काढणे. तो सहज काढता-घालता कसा येईल, हाच पुढचा प्रश्न होता. १८९० मध्ये त्याची दोन उत्तरे जवळपास एकाच वेळी आली. एडिंबराच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीतल्या विल्यम बार्टलेटने काठाला रबराचा आकडा दिला. तो रिमच्या वळवलेल्या कडेत अडकायचा आणि हवेच्या दाबाने तिथेच राहायचा. चार्ल्स किंग्स्टन वेल्चने काठात न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट खाच ठेवली. काठाची एक बाजू त्या खाचेत ढकलली की समोरची बाजू तेवढी सैल होते आणि कडेवरून बाहेर येते. हवा भरली की दोन्ही बाजू खाचेतून वर येऊन आपापल्या जागी घट्ट बसतात. आकड्याचा टायर मोटारी जड होत गेल्या तसा मागे पडला. वेल्चची तार मात्र आजही जवळपास प्रत्येक टायरमध्ये आहे.

तार ताणली जात नाही, मग टायर चढवायचा कसा? या अडचणीची तीन वेगवेगळी उत्तरे शीळफाट्यावर एकाच दुकानात बघायला मिळतात. मोटारसायकल आणि मोटार यांच्या रिममध्ये वेल्चची खाच आहे. रिक्षाचा ‘४.००-८’ टायर इतका लहान आणि काठ इतका ताठ असतो की तिथे रिमच दोन भागांत करून नटबोल्टने जोडलेले असते. नट सोडले की दोन्ही बाजू सुट्या होतात. ट्यूबवाल्या ट्रकच्या रिमला एका बाजूला सुटी रिंग आणि तिला अडकवून ठेवणारी लॉक रिंग असते. या दोन्ही प्रकारांत एक नियम मोडून चालत नाही: हवा पूर्ण काढल्याशिवाय नटाला किंवा लॉकला हात लावायचा नाही. नीट न बसलेली लॉक रिंग हवा भरताना उडते, ती वर सांगितलेल्या टनांच्या जोराने. म्हणून हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचे असते. रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानात असा पिंजरा असायलाच हवा. त्याचा खर्च एका ट्रकच्या टायरच्या किमतीशी ताडून बघितला, तर तो न ठेवण्याचे कोणतेही कारण पटत नाही.

ही तार साध्या लोखंडाची नसते. जास्त कार्बनच्या पोलादाची साडेपाच मिलिमीटर जाडीची सळई एकामागून एक साच्यांतून ओढत बारीक करतात. दुचाकी आणि मोटारींसाठी ०.९६ मिलिमीटर हे नेहमीचे माप. तितकी बारीक होईपर्यंत एक मीटर सळईची सुमारे ३३ मीटर तार होते. ओढल्याने पोलादाची ताकद वाढते, पण ते ठिसूळही होऊ लागते, म्हणून मध्ये आणि शेवटी ठरावीक तापमान देऊन त्यातला ताण काढतात. तयार तारेचा एक पदर सव्वाशे ते दीडशे किलो वजन तोलतो. आपल्याकडे या तारेसाठी आयएस ४८२४ हे भारतीय मानक आहे. टाटा स्टीलचा तारांचा कारखाना पालघर जिल्ह्यात तारापूरला आहे. दिव्याहून वसईच्या गाडीने गेले आणि वसईला गाडी बदलली की बोईसर येते, तिथून तो जवळच. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पीथमपूरचे राजरतन ग्लोबल वायर हे बीड वायरमधले देशातले मोठे नाव.

मला या तारेत सर्वांत विलक्षण वाटतो तो तिच्यावरचा तांबूस मुलामा. त्यात बहुतांश तांबे आणि थोडे कथील असते. गंजापासून थोडे संरक्षण मिळते, पण मुलाम्याचे खरे काम वेगळे आहे. रबर आणि पोलाद एकमेकांना धरत नाहीत. टायर साच्यात दीडशे अंशांहून जास्त तापवतात, तेव्हा रबरातले गंधक या तांब्याशी संयोग पावते आणि दोघांमध्ये एक पातळ थर तयार होतो. तोच थर पुढे रबर आणि तार एकजीव ठेवतो. मुलामा जास्त जाड झाला तरी पकड बिघडते, पातळ झाला तरी बिघडते. मायक्रॉनच्या अंशांत मोजायच्या या थरावर वीस टनांचा कारभार उभा आहे.

कारखान्यात तार गरम रबर सोडणाऱ्या यंत्राच्या तोंडातून जाते आणि रबराचा लेप घेऊन फिरत्या साच्यावर गुंडाळली जाते. काही काठांत चार-पाच तारा शेजारी शेजारी ठेवून केलेल्या पट्टीचे थर देतात. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये मात्र बहुधा एकच लांब तार फेऱ्यांवर फेरे घेत षटकोनी कड्यात बसवतात. असे पन्नासेक फेरे सहज होतात. मोठ्या खाणींत आणि बंदरांत चालणाऱ्या नायलॉन टायरमध्ये एकेका काठात दोन-तीन कडी असतात. कड्याच्या डोक्यावर कडक रबराची त्रिकोणी पट्टी उभी करतात. टायरच्या अंगातले कापड किंवा पोलादी दोरे या कड्याखालून वळसा घालून पुन्हा वर येतात, म्हणजे अंगावरचा सगळा ताण कड्याला बांधला जातो. बाहेरून रिमशी घासणाऱ्या भागावर नायलॉनची किंवा बारीक पोलादी दोऱ्यांची आणखी एक पट्टी.

रेडियल टायर आल्यावर काठाचे काम अवघड झाले. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियलचे पेटंट घेतले. त्यात अंगातले दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात. त्यामुळे बाजू लवचीक होते, टायर थंड चालतो, डिझेल वाचते. पण काठाच्या जरा वरचा पट्टा प्रत्येक फेरीला वाकतो आणि सरळ होतो. काठ ताठ आणि बाजू मऊ, यांच्या सीमेवर रबराला सारखा मुरडा बसत राहतो. म्हणून काठ मजबूत करायचा म्हणजे नुसते थर वाढवायचे नाहीत. सगळे थर एकाच उंचीवर संपले तर ताठपणा तिथे एकदम तुटतो आणि नेमकी तिथेच चीर पडते. कुशल रचनाकार वळसा घेतलेल्या दोऱ्यांचे टोक एका उंचीवर, पोलादी पट्टीचे दुसऱ्या आणि नायलॉनचे तिसऱ्या उंचीवर संपवतो. त्रिकोणी पट्टीसुद्धा खाली कडक आणि वर मऊ अशा दोन रबरांची करतात. टायरच्या कारागिरीतले खरे शहाणपण मला याच दोन-तीन इंचांत दिसते.

हे ज्ञान आपल्या परिसरात बरीच दशके रुजलेले आहे. शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. इटलीतल्या तुरिनची सिएट १९५८ मध्ये टाटा समूहाच्या साथीने भारतात आली आणि तिने भांडुपला टायर बनवले. पुढे तिचा कारखाना नाशिकला झाला, आणि अलीकडे शेतीच्या व बांधकामाच्या यंत्रांचे टायर अंबरनाथला होऊ लागले, म्हणजे दिव्याहून कल्याणमार्गे तासाभराच्या आत.

इतके करून बांधलेला काठ रस्त्यावर तीन गोष्टींनी मरतो. पहिली गोष्ट भार. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसावरचा परवानगीचा भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला, म्हणजे प्रत्येक टायरवर पावणेतीन टनांहून थोडा जास्त. टायरच्या बाजूला छापलेला १४६ हा अंक ३,००० किलोची मर्यादा सांगतो, तीही हवा पुरेशी असताना. जोडीतल्या आतल्या टायरची हवा बघायचा कंटाळा केला की बाहेरचा दोघांचे ओझे वाहतो आणि काठाजवळचा पट्टा दुप्पट वाकतो.

दुसरी गोष्ट उष्णता, आणि माझ्या मते सर्वांत कमी ओळखला गेलेला शत्रू हाच. ट्रकच्या ब्रेकचा ड्रम रिमच्या पोटात असतो. नाशिकहून कसारा घाट किंवा पुण्याहून बोरघाट उतरताना चालक गिअर सोडून ब्रेकवरच उतरला की ड्रम तापतो, ड्रमने रिम आणि रिमने काठ. रबर दर दहा अंशांच्या वाढीला ढोबळमानाने दुप्पट वेगाने म्हातारे होते. वाईट वेळ घाट उतरल्यानंतर येते. गाडी ढाब्यावर थांबली की वाऱ्याची झुळूक बंद होते आणि साठलेली उष्णता निवांतपणे काठात शिरते. अशा काठाचे रबर काही महिन्यांत काळे, कडक होते, नखाने खरवडले तर भुग्यासारखे सुटते. मिस्त्री त्याला जळलेला काठ म्हणतो. खालच्या गिअरमध्ये घाट उतरला तर हे टळते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

तिसरी गोष्ट हाताळणी. टामी चुकीच्या जागी घालून, साबणपाणी न लावता, घणाच्या घावाने टायर उतरवला की काठाच्या टोकाचे रबर तुटते आणि तार उघडी पडते. खाडीकाठच्या दिव्यात-मुंब्र्यात हवा खारी आणि पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी. रिम गंजते, गंजाची खरबरीत पापुद्री काठ घासत राहते, ट्यूबलेस टायर तिथूनच हळूहळू हवा सोडतो. तारेपर्यंत पाणी पोहोचले की एकेक पदर गंजून तुटतो. टायर उतरवला की रिम तारेच्या ब्रशने घासून रंगवायला दहा मिनिटे लागतात.

आणि मग टायर भंगारात जातो. उघड्यावर टायर जाळून तार काढण्याचा धंदा कायद्याने बंद आहे, तरी रात्रीच्या काळ्या धुराचा वास ठाणे-पालघरच्या लोकांना ओळखीचा आहे. ज्या दिव्याने ठाण्याचा कचरा आणि त्याचा धूर वर्षानुवर्षे सोसला, तिथल्या माणसाला याचा राग आला तर तो अगदी रास्त आहे. जुलै २०२२ च्या नियमांनी टायर उत्पादकांवर जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. रीतसर कामात टायर कापण्याआधी काठातले कडे आकडा घालून हायड्रॉलिक यंत्राने अखंड ओढून काढतात. ते सहजासहजी स्वच्छ निघत नाही. गंधक आणि तांबे यांची तीच पकड रबराचे तुकडे तारेला धरून ठेवते, आणि जितके रबर चिकटलेले, तितका भंगाराचा भाव कमी. मुलाम्याचे तांबेही पोलाद वितळवणाऱ्याला नको असते, कारण ते भट्टीत जळून जात नाही आणि जास्त झाले तर गरम पोलाद लाटताना पृष्ठभागावर भेगा पडतात. त्यामुळे ही तार दुसऱ्या भंगारात मिसळूनच वितळवणे शहाणपणाचे, आणि तिच्यातून पुन्हा बीड वायर होण्यापेक्षा इमारतीची सळई होण्याची शक्यताच जास्त.