रायपूरला त्सुनामी कशाला?

रायपूरच्या एखाद्या शाळेत मुलांनी संगणकाच्या तासाला ‘स्टॉप डिझास्टर्स’ हा खेळ उघडला, तर पाच संकटांपैकी एक निवडायला मिळतं : त्सुनामी, भूकंप, चक्रीवादळ, पूर किंवा वणवा. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती निवारण कार्यालयाने 2007 मध्ये आणलेला हा खेळ फुकट आहे आणि चांगलाही आहे. हातात ठरावीक पैसे, ठरावीक वेळ. शाळा कुठे बांधायची, कुठली घरं मजबूत करायची, लोकांना आधी सावध कसं करायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. मग संकट येतं आणि किती माणसं वाचली याचा हिशेब पडद्यावर उमटतो.

अडचण एवढीच, की रायपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. इथल्या मुलांना भीती हवी ती विजेची.

23 सप्टेंबर 2024 रोजी जवळच्या राजनांदगाव जिल्ह्यात, जोरातराई गावाजवळ, पाऊस आला म्हणून काही जण आडोशाला थांबले. तिथेच वीज कोसळली. शाळकरी मुलांसह 8 जण गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदींनुसार 2022 मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींत 8,060 माणसं दगावली, त्यांतली 2,887 विजेने. म्हणजे तिघांमागे एकाहून जास्त. तरी शालेय चित्रांत पूर आणि भूकंपच ऐटीत बसलेले असतात.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप केलं आहे. 20 ते 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल, तर ते सावध करतं. पण मोबाइल वाजल्यावर पुढे काय? धानाची रोवणी चाललेली, बांधावर एकच आंबा, पलीकडे गवताची झोपडी, जरा लांब शाळेची पक्की इमारत. भिजायचं नसेल तर पाय आपोआप आंब्याकडे वळतात, आणि नेमकं तेच घातक. पक्की इमारत किंवा पत्र्याचं छत असलेली, काचा बंद केलेली मोटारच बरी. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचं अंतर असेल, तर वीज साधारण एक किलोमीटरवर; तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढ्यावरही धोका असतोच. अंक मोजायचे, दिशा ठरवायची, धावायचं : खेळ तर इथे आयताच तयार आहे. नया रायपूरच्या ट्रिपलआयटीतल्या विद्यार्थ्यांना एका सत्राच्या प्रकल्पात जमावा इतका. फक्त तो छत्तीसगढीत बोलायला हवा आणि इंटरनेटशिवाय साध्या मोबाइलवर चालायला हवा.

स्थानिक खेळ करता येतो, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या पर्यावरण खात्याने 2022 मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळात ‘रिव्हरक्राफ्ट’ उभारला. त्यात कुठलं काल्पनिक गाव नाही, पुराचा धोका असलेलं प्रेस्टन शहरच आहे. मूल आपल्याच नदीला बांध घालतं.

जपानची गोष्ट जास्त बोचरी. आपत्तीत सापडलेल्या माणसांवरची ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी’ ही व्हिडिओ गेमची मालिका 2002 पासून लोकप्रिय होती. चौथा भाग 2011 च्या वसंतात यायचा होता. 11 मार्चला खराखुरा भूकंप आणि त्सुनामी आली आणि कंपनीने तो भाग रद्द केला. पुढे 2018 मध्ये दुसऱ्या कंपनीने तो बाजारात आणला.

आणि गुजरातमधलं राजकोट? तिथे संकट खेळाच्या जागीच आलं. 25 मे 2024 रोजी तिथल्या ‘टीआरपी गेम झोन’ला आग लागली. मृतांत लहान मुलंही होती. खेळायला आलेल्यांना बाहेर पडायची वाट शोधावी लागली. रायपूरच्या मॉलमध्येही असे झोन आहेत. तिथल्या यंत्रावर नाणं टाकण्याआधी दहा सेकंदांची ‘बाहेरचा रस्ता शोधा’ अशी फेरी ठेवायला फारसा खर्च येणार नाही.

खेळाची मर्यादाही मोठी आहे. बोटांनी पडदा दाबून अग्निशामकाची पिन ओढायची सवय लागत नाही, की छातीवर दाब किती द्यायचा ते हाताला कळत नाही. त्यासाठी सराव मैदानातच. खेळ शिकवतो ते त्याआधीचं, पहिल्या काही सेकंदांत घ्यायचा निर्णय. छत्तीसगडात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मोसमी पाऊसही साधारण तेव्हाच पोचतो. पहिल्या आठवड्यातला संगणकाचा एक तास यासाठी द्यायला हरकत नसावी.